नाव बदला, मग बघू

"रॉक हे आपलं संगीत नाही. ते गोऱ्यांचं, आणि इथे कॉन्व्हेंटमधल्या सवर्ण पोरांचं." हे वाक्य आपल्याच कार्यकर्त्यांच्या तोंडून ऐकू येतं. वस्तीतल्या एखाद्या पोराने इलेक्ट्रिक गिटार घेतली, चार मित्र जमवून बँड काढला आणि १४ एप्रिलच्या कार्यक्रमात वीस मिनिटं मागितली, की जयंती समितीतला कुणीतरी ज्येष्ठ त्याला हे ऐकवतोच. तोच पोरगा शहरातल्या एखाद्या कॉलेजच्या महोत्सवात गेला, की तिथला आयोजक मोठ्या प्रेमाने म्हणतो, "तुमच्याकडचं काहीतरी वाजवा ना, हलगी वगैरे." एकाला चळवळीची काळजी आहे, दुसऱ्याला आपल्या कार्यक्रमात रंग भरायचा आहे. पण सांगतात दोघंही एकच. तू कुठून आलास यावरून तू काय वाजवायचं ते ठरलेलं आहे.

जन्मावरून काम ठरवणं म्हणजे काय, हे आंबेडकरी माणसाला शिकवावं लागत नाही. जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिनिर्मूलना'त मांडून ठेवलंय. माणसाची आवड काय, कुवत काय, हे न विचारता त्याच्या हातात काम द्यायचं. कलेच्या बाबतीत हेच झालं. हलगी कुणी बडवायची, तमाशाच्या फडात कुणी उभं राहायचं, देवळात कुणी गायचं आणि देवळाबाहेर धुळीत बसून कुणी वाजवायचं, याचं वाटप गावगाड्याने करून ठेवलं होतं. मग आज आपणच आपल्या पोरांना त्या वाटपाची आठवण का करून देतो?

या प्रश्नासाठी मी अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातल्या तीन काळ्या भावांची गोष्ट सांगणार आहे. त्यांच्या बँडचं नाव 'डेथ'. होय, मृत्यू. या नावापायीच त्यांच्या हातचा करार गेला.

डेव्हिड, डॅनिस आणि बॉबी हॅकनी. १९६४ साली वडिलांनी पोरांना टीव्हीसमोर बसवलं आणि बीटल्सचा अमेरिकेतला तो गाजलेला पहिला कार्यक्रम दाखवला. दुसऱ्याच दिवशी तिघांतला थोरला, डेव्हिड, याला गल्लीत कुणीतरी टाकून दिलेली गिटार सापडली. ती घेऊन तो शिकू लागला. डॅनिस ड्रम्सवर बसला, धाकटा बॉबी बेस वाजवून गाऊ लागला. सराव घरातल्याच एका खोलीत, पहिले कार्यक्रम घराच्या गॅरेजमध्ये. त्यांच्या पहिल्या बँडचं नाव होतं 'रॉक फायर फंक एक्स्प्रेस', आणि नावाप्रमाणेच तो फंक वाजवत असे. म्हणजे काळ्या पोरांनी जे वाजवावं असं सगळ्यांना वाटत होतं, तेच.

त्या शहराचा काळ लक्षात घेतला पाहिजे. डेट्रॉइट म्हणजे मोटारींचे कारखाने आणि मोटाऊन ही जगप्रसिद्ध संगीत कंपनी. १९६७ साली तिथे पोलिसी जुलमाविरुद्ध काळ्यांचा उठाव झाला, ४३ माणसं मेली. १९७२ मध्ये मोटाऊनने आपलं बिऱ्हाड लॉस एंजेलिसला हलवलं. १९७३ च्या निवडणुकीत शहराला पहिला काळा महापौर मिळाला. व्हिएतनामचं युद्ध सुरू होतं, निक्सनचा खोटेपणा रोज उघडा पडत होता. अशा वातावरणात या भावांनी 'द हू' आणि ॲलिस कूपर यांचे कार्यक्रम प्रत्यक्ष पाहिले आणि ठरवलं, की आता फंक बंद, आपण रॉक वाजवायचं. तेही साधं नाही. वेगवान, कर्कश, मोजक्या वेळात सगळं ओतून मोकळं होणारं. पुढे जगाने ज्याला 'पंक' म्हटलं, ते.

शेजारपाजारच्यांनी काय म्हणावं? "हे काय गोऱ्यांचं संगीत वाजवता?" जयंती समितीतल्या आपल्या ज्येष्ठांचं वाक्य पन्नास वर्षांपूर्वी डेट्रॉइटच्या काळ्या वस्तीत असं जसंच्या तसं बोललं गेलं. आणि गंमत बघा. रॉक अँड रोल ज्यांनी उभं केलं त्यांत चक बेरी होता, लिटल रिचर्ड होता, त्यांच्याही आधी चर्चमधून आलेली आणि इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभी राहिलेली सिस्टर रोझेटा थार्प होती. सगळी काळी माणसं. वीसेक वर्षांत ते संगीत गोऱ्यांच्या नावावर इतकं पक्कं चढलं, की काळ्या पोराने गिटार उचलली तर त्याच्याच गल्लीला तो परका वाटू लागला. हडपलेली जमीन परत मागायला गेलेल्या माणसाला त्याच्याच भावकीने "दुसऱ्याच्या शेतात का घुसतोस?" असं विचारावं, तसला हा प्रकार.

याच सुमारास त्यांचे वडील गेले. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या कुणीतरी त्यांचा जीव घेतला. त्या धक्क्यातून डेव्हिडच्या मनात नवं नाव आलं. मृत्यू या शब्दाची भीती काढून घ्यायची, तो जन्माइतकाच जगण्याचा भाग आहे असं म्हणायचं, नकारातून होकार काढायचा, अशी त्याची कल्पना होती. त्याने बँडचं चिन्हही बनवलं. त्रिकोणात तीन वर्तुळं आणि बाहेर एक सुटा ठिपका, तो देवाचा. देवाचा ठिपका तुम्हाआम्हाला मानवणारा नाही, पण तो डेव्हिडचा होता. भावांनाही हे नाव सहज पटलं नाही. डेव्हिडने ते पटवलं.

१९७५ साली डेट्रॉइटच्या युनायटेड साउंड स्टुडिओत ध्वनिमुद्रण सुरू झालं. बारा गाणी करायची होती. हॅकनी कुटुंब सांगतं, की क्लाइव्ह डेव्हिस या अमेरिकी संगीत व्यवसायातल्या बड्या माणसाने या कामाला पैशाचं पाठबळ दिलं होतं. त्याला संगीत आवडलं होतं. अडचण एकच, नाव. हे नाव बाजारात चालणार नाही, दुसरं काहीतरी ठेवा. डेव्हिडने नकार दिला. भावांची घालमेल झाली, पण ते त्याच्यामागे उभे राहिले. पैसा थांबला. बाराऐवजी सात गाणी झाली. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःच्या 'ट्रायँगल' या छापाखाली दोन गाण्यांची एक रेकॉर्ड काढली. एका बाजूला 'पॉलिटिशियन्स इन माय आईज', दुसऱ्या बाजूला 'कीप ऑन नॉकिंग'. प्रती फक्त ५००. पहिल्या गाण्याचा रोख सत्तेवरच्या राजकारण्यांवर होता, हे नावावरूनच कळतं. ते फारसं कुणी वाजवलं नाही, फारसं कुणी ऐकलं नाही.

न्यूयॉर्कच्या रॅमोन्स या गोऱ्या पोरांच्या बँडचा पहिला अल्बम एप्रिल १९७६ चा. लंडनच्या सेक्स पिस्टल्सची पहिली रेकॉर्ड त्याच वर्षीच्या नोव्हेंबरची. पंकचा इतिहास म्हणून जे सांगितलं जातं ते इथून सुरू होतं. म्हणून आता काही जण उत्साहाने म्हणतात, की पहिला पंक बँड काळ्यांचा होता. मला या 'पहिल्या'च्या शर्यतीत रस नाही. डेट्रॉइटच्या आसपासच द स्टूजेस आणि एमसी फाइव्ह हे गोरे बँड १९६९ सालीच असलं आडदांड संगीत वाजवत होते, हेही खरंच आहे. आणि ज्यांची रेकॉर्ड कुणी ऐकलीच नाही त्यांच्यापासून बाकीच्यांनी काही घेतलं असं म्हणता येत नाही. आपला प्रश्न दुसरा आहे. ती ऐकली का गेली नाही? संगीत कच्चं होतं म्हणून नव्हे. तीन काळ्या पोरांनी असं वाजवणं आणि वर हे असलं नाव धारण करणं, या दोन गोष्टी ठेवायला बाजाराकडे खण नव्हता म्हणून.

नावाची किंमत काय असते हे मराठवाड्याला विचारा. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटवल्या गेल्या. पोचिराम कांबळे यांचा जीव घेतला गेला. नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडला, आणि तेव्हाही जुनं नाव शिल्लक ठेवूनच. नामांतर मागितलं होतं, नामविस्तार मिळाला. "नावात काय आहे?" असं तेव्हा आम्हाला विचारणारे विद्वान काही कमी नव्हते. नावात काहीच नसतं तर सोळा वर्षं अडवलं कशाला?

मागच्या पिढीने 'दलित' हा शब्द उचलला तेव्हाही असंच झालं. 'हरिजन' हे दुसऱ्याने दिलेलं गोड नाव नाकारून जखमेचं नाव पुढे करायचं, त्याला 'पँथर' जोडायचं, हे धाडस १९७२ च्या मुंबईतल्या पोरांनी केलं. पँथर हा शब्द त्यांनी अमेरिकेतल्या काळ्या तरुणांकडून घेतला होता. म्हणजे हॅकनी भाऊ घरातल्या खोलीत सराव करत होते, त्याच वर्षांत इथे ढसाळ, ढाले, ज. वि. पवार ही माणसं त्या भावांच्या समाजातलं नाव घेऊन रस्त्यावर उतरली होती. दोन्हीकडच्या पोरांना एकमेकांचा पत्ता नसेल. पण भीतिदायक शब्द स्वतःहून अंगावर घ्यायचा आणि समोरच्याला अस्वस्थ करायचं, ही समज दोन्हीकडे होती. पुढे २०१८ साली केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने माध्यमांना 'दलित' शब्द टाळा असं सुचवलं. आता 'दलित' म्हणायचं की 'बौद्ध', हा वाद आपल्यातही आहे आणि तो जोरात व्हावा. पण तो आपला वाद आहे. मंत्रालयाने शब्द काढून घेणं आणि आपण तो मागे टाकणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हा फरक 'डेथ'च्या पुढच्या प्रवासातही दिसतो. १९७७ मध्ये भाऊ डेट्रॉइट सोडून व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टनला गेले. हे अमेरिकेतल्या सर्वांत गोऱ्या राज्यांपैकी एक. तिथे त्यांनी 'द फोर्थ मूव्हमेंट' या नावाने धार्मिक वळणाचं रॉक वाजवलं, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दोन अल्बम काढले. कुणी म्हणेल, बदललंच ना शेवटी नाव? बदललं. पण कराराची अट म्हणून नाही. त्यांचं आयुष्य दुसरीकडे वळलं, तसं त्यांचं नाव वळलं. माणसाने धर्मांतर करणं आणि नोकरीसाठी आडनाव लपवणं, या दोन्हींत नाव बदलतं. आपण दोन्हीला एकच म्हणतो का?

१९८२ मध्ये डेव्हिड डेट्रॉइटला परतला. बॉबी आणि डॅनिस व्हरमाँटमध्येच राहिले. बँड तुटला. आपल्या चळवळीत असं झालं असतं तर पुढच्या आठवड्यात 'डेथ (डेव्हिड गट)' आणि 'डेथ (बॉबी गट)' असे दोन फलक लागले असते आणि दोघांनी एकमेकांना दलाल ठरवलं असतं. पँथरचं १९७४ मध्ये काय झालं आणि रिपब्लिकन पक्षाचे किती तुकडे झाले हे मोजत बसत नाही, वाचणाऱ्यांना पाठ आहे. हॅकनींमध्ये मतभेद नव्हते असं नाही. डेव्हिडला रॉकच वाजवायचं होतं, धाकट्या दोघांनी पुढे 'लॅम्ब्सब्रेड' नावाचा रेगे बँड काढला. पण त्यांनी एकमेकांचं काम पुसलं नाही. डेव्हिडने मूळ टेप बॉबीच्या हवाली केल्या आणि जग एक दिवस या शोधत येईल असं त्याला सांगितलं, ही आठवण बॉबी सांगतो. २००० साली फुप्फुसाच्या कर्करोगाने डेव्हिड गेला. टेप माळ्यावर राहिल्या.

जग आलं, पण नऊ वर्षं उशिरा. जुन्या रेकॉर्डी गोळा करणाऱ्या शौकिनांमध्ये त्या ५०० प्रतींपैकी काही फिरू लागल्या होत्या. बॉबीच्या मुलांना बापाच्या या बँडचा पत्ताही नव्हता. त्यांना ते गाणं बाहेरून कळलं. त्यांनी मग स्वतःचा बँड काढून काकांची गाणी वाजवायला सुरुवात केली. २००९ मध्ये शिकागोच्या 'ड्रॅग सिटी' कंपनीने ती सात गाणी प्रसिद्ध केली. वर्तमानपत्रांनी लेख लिहिले, २०१२ मध्ये या भावांवर माहितीपट आला.

इथे टाळ्या वाजवायची प्रथा आहे. सत्याला उशीर होतो पण न्याय मिळतो, वगैरे. मी वाजवणार नाही. ज्याने नाव दिलं, ज्याने नकार दिला, तो माणूस हे काही न पाहता मेला. चौतीस वर्षं ती गाणी माळ्यावर होती. त्या काळात जी काळी पोरं डेट्रॉइटमध्ये वाढली त्यांना आपल्याच गल्लीतून असा आवाज निघाला होता हे कळलं नाही, आणि "हे आपलं नाही" हेच ती ऐकत राहिली. हा तोटा पैशात मोजता येत नाही आणि माहितीपटाने भरून निघत नाही. आपल्याकडेही मेल्यावर हार घालायची हौस दांडगी आहे. वामनदादा कर्डक जिवंत असताना त्यांच्या पोटापाण्याची चौकशी किती जणांनी केली आणि आज त्यांच्या नावाने किती कार्यक्रम होतात, याचा हिशोब ज्याने त्याने करावा.

पुन्हा उभ्या राहिलेल्या 'डेथ'मध्ये मला सर्वांत जास्त आवडते ती एक छोटी गोष्ट. डेव्हिडच्या जागी गिटारवर बॉबी डंकन आला. तो लॅम्ब्सब्रेडमधला वादक, घरातला नव्हे. भाऊबंदकीच्या बँडमध्ये बाहेरचा माणूस. पण रिकामी जागा रिकामी ठेवून आरती ओवाळत बसायचं, की कुणाला तरी तिथे उभं करून गाणं पुढे न्यायचं, हा प्रश्न त्यांनी असा सोडवला. संस्थापकाच्या खुर्चीवर फक्त त्याचा मुलगा किंवा पुतण्याच बसेल असा हट्ट धरणाऱ्या आपल्या संघटनांनी या बदलाकडे जरा बघावं.

आता पुन्हा त्या पहिल्या वाक्याकडे. रॉक आपलं नाही म्हणता, मग आपलं काय? ज्या भीमगीतांवर आपण वाढलो, त्यांच्यात कव्वालीची बांधणी आहे, हिंदी सिनेमाच्या चाली आहेत, हार्मोनियम तर युरोपातून आलेली. कडुबाई खरात यांच्या हातातली एकतारी शतकानुशतकं विठ्ठलाच्या नावाने वाजत होती, त्यांनी ती भीमाच्या नावाने वाजवली. वाद्य कुणाच्या बापाचं नसतं हे आपल्या गायकांनी केव्हाच सिद्ध केलंय. आणि बँडबाजा? ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, साइड ड्रम, सगळी वाद्यं विलायती. लग्नाच्या वरातीत घोड्यापुढे ती फुंकत जाणारी माणसं पिढ्यानपिढ्या कोणत्या वस्तीतून येतात? त्यांना कधी कुणी म्हटलं नाही, की अरे, हे तुमचं संगीत नाही. वरातीत रस्त्याने चालत वाजवलं की विलायती वाद्य चालतं. मंचावर चढून, स्वतःचे शब्द घेऊन वाजवलं की ते परकं होतं. म्हणजे अडचण वाद्याची नाही, उंचीची आहे.

मुंबईत 'धम्म विंग्ज'सारखा बौद्ध रॉक बँड उभा राहिला, चेन्नईत पा. रंजित यांच्या पुढाकाराने 'कास्टलेस कलेक्टिव्ह' उभा राहिला. त्यांच्या गाण्यांवर टीका जरूर करा. शब्द कच्चे असतील तर तसं सांगा, बेसूर असतील तर तोंडावर सांगा. हलगी वाजवणाऱ्यानेही अभिमानाने हलगी वाजवावी, ती त्याची निवड असेल तर. पण "हे तुझं नाही" हे वाक्य आपल्या तोंडात नको. ते आधीच पुष्कळ जण म्हणतात.

एक काम मात्र लगेच करण्यासारखं आहे. 'डेथ'चा वाद्यवृंद आज आपल्याला नावानिशी सांगता येतो. गिटार कोणाची, बेस कोणाचा, ड्रम्सवर कोण, नंतर कोण आलं, हे सगळं. आपल्या जुन्या भीमगीतांच्या कॅसेट काढून बघा. गायकाचं नाव असतं, कधी कवीचं असतं. ढोलकी कोणाची, हार्मोनियमवर कोण, कोरसमधल्या त्या दोन बायका कोण, पहिल्या पार्टीतला कोरसवाला पुढे कुठे गेला, हे कॅसेटवर सहसा सापडत नाही. ती माणसं अजून आहेत. काही सत्तरी-ऐंशीत आहेत, आपल्याच विहाराच्या मागच्या गल्लीत राहतात. प्रत्येक शाखेने येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनापर्यंत निदान एका गायन पार्टीची अशी यादी करावी. कोण कधी आलं, कोण का सोडून गेलं, कोणाच्या जागी कोण बसलं, सगळं त्यांच्याच तोंडून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून. आणि घराच्या माळ्यावर कॅसेटचा डबा असेल तर पुढच्या पावसाळ्याआधी खाली काढावा. ओलीने फीत चिकटते, मग ती वाजत नाही.